ग्रुपने पहिली शॉर्ट फिल्म करताय? मग पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा

आम्ही सहा जण होतो, साताऱ्यात, मास कम्युनिकेशनचं दुसरं वर्ष, आणि सेमिस्टरला सात मिनिटांची शॉर्ट फिल्म करून वर प्रत्येकाने वेगळा रिपोर्ट द्यायचा होता की फिल्म करताना काय शिकलात. फिल्म पिठाच्या गिरणीवर होती, एक आजी रोज थोडंसंच दळण घेऊन येते आणि गिरणीवाल्या काकांना कळत नाही की ही रोज का येते, एवढीच गोष्ट. फिल्म झाली, ठीक झाली. पण रिपोर्ट लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की कोणालाच काही नीट आठवत नाहीये. सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये तेच वाक्य, टीमवर्कचं महत्त्व कळलं. ते वाक्य खोटं नव्हतं पण त्यातून पुढच्या फिल्मला उपयोगी पडेल असं काहीच हाती लागत नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही तेच सहा जण परत एकत्र आलो आणि तेव्हा पहिल्या मीटिंगपासून वही ठेवली. म्हणून हे लिहितेय, ज्यांची पहिलीच फिल्म आहे त्यांच्यासाठी. कॅमेऱ्याचं पण सांगते, आवाजाचं तर सांगणारच आहे, पण वहीचं सगळ्यात आधी.

वही: अगदी पहिल्या दिवशी

साधी दोनशे पानी वही घ्या. फोनमधल्या नोट्स नकोत, कारण शूटच्या दिवशी फोन एकतर कॅमेरा असतो नाहीतर रेकॉर्डर असतो. रोज घरी जायच्या आधी पाच मिनिटं, आणि रोज वेगळ्या माणसाने लिहायचं. काय ठरलं, कोणी ठरवलं, काय बिघडलं, किती वाजता बिघडलं. मतं लिहू नका, झालेलं लिहा. "आज सगळे थकले होते" यापेक्षा "चार वाजता काकांनी गिऱ्हाइकं आली म्हणून गिरणी परत चालू केली, आमचे तीन शॉट राहिले" हे तीन महिन्यांनी वाचलं तरी कामाचं असतं.

आणि वहीत पहिलं पान भरायचं ते प्रत्येकाच्या अडचणींचं. कोणाचा क्लास कधी, कोणाकडे गाडी आहे, कोणाला घरून किती वाजेपर्यंत परवानगी आहे, आणि शेवटची एसटी किती वाजता. हे मी एवढं ठासून का सांगतेय ते खाली येईल.

कामं वाटून घ्या, आणि नको असलेली कामं आधी वाटा

दिग्दर्शक कोण आणि कॅमेरा कोणाकडे हे पाच मिनिटांत ठरतं, त्यासाठी सगळे तयार असतात. साउंड कोण बघणार विचारलं की शांतता. प्रॉडक्शन म्हणजे परवानग्या, जेवण, ने-आण, हिशोब, यालाही शांतता. पण सहा जणांच्या ग्रुपात फिल्म वाचते ती या दोन माणसांमुळेच, माझं हे पक्कं मत आहे. म्हणून आधी साउंड आणि प्रॉडक्शन ठरवा, तेही मनापासून करणारी माणसं बघून, मग बाकीचं. सहावा माणूस कंटिन्युइटीला ठेवा, म्हणजे आजीचा पदर कुठल्या खांद्यावर होता, डबा कुठल्या हातात होता, कुठला टेक (म्हणजे एकाच शॉटचा कितवा प्रयत्न) चांगला, हे सगळं लिहिणारा. एडिटिंगला बसल्यावर त्याची किंमत कळते.

एक आठवण करून देते. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा मूकपट तयार झाला त्यात सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ते सगळ्या युनिटच्या स्वयंपाकापर्यंत राबल्या होत्या. म्हणजे आपल्याकडे सिनेमा सुरू झाला तोच प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या माणसाच्या जोरावर, त्यामुळे ज्याच्याकडे हे काम येईल त्याने आपल्याला दुय्यम काम मिळालं असं अजिबात समजू नये, आणि बाकीच्यांनी तर समजूच नये.

आधी एक मिनिटाची फिल्म करा

फाळक्यांचंच अजून एक. मोठा चित्रपट काढायच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस त्या रोपाची वाढ थोडी थोडी करत चित्रित केली. ती जेमतेम मिनिटभराची फिल्म दाखवून त्यांनी पुढच्या कामासाठी पैसे उभे केले.

तुम्हीही मुख्य शूटच्या निदान आठवडाभर आधी एक मिनिटाची काहीतरी फिल्म करा, चहा करताना, चप्पल शोधताना, काहीही, पण पूर्ण करा म्हणजे शूट, आवाज, एडिट आणि एक्सपोर्ट सगळं. आमच्या दुसऱ्या फिल्मच्या टेस्टमध्ये कळलं की एका फोनच्या माईकला कव्हरमुळे आवाज दबका येतोय. हे मुख्य शूटच्या दिवशी कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

स्क्रिप्ट

इथे थोडक्यात सांगते. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशोब वापरतात पण मराठीत हाताने लिहिलं असेल तर तो जुळत नाही, म्हणून स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, आणि न बोलता घडणाऱ्या गोष्टी पण करून बघा. आमचं पहिलं स्क्रिप्ट वाचायला एकोणीस मिनिटं लागली आणि फिल्म सात मिनिटांची! दोन लोकेशन, तीन पात्रं, याच्या पुढे पहिल्या फिल्मला जाऊ नका. आणि आपल्याला सहज मिळेल अशा जागेची गोष्ट लिहा. दवाखाना, रेल्वे स्टेशन, कोर्ट असलं काही लिहिलंत तर परवानगीतच महिना जाईल.

जागा बघायला जाल तेव्हा कान घेऊन जा

रेकी, म्हणजे जागेची पाहणी, ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला करायची. सकाळी दहाला बघून आलात आणि शूट दुपारी तीनला असेल तर ऊन पण वेगळं आणि आवाज पण वेगळा. तिथे डोळे मिटून एक मिनिट उभं राहा आणि फोनवर एक मिनिट आवाज रेकॉर्ड करा. जवळ शाळा आहे का, ती किती वाजता सुटते, मंदिरात आरती कधी, कुकरच्या शिट्ट्या कधी, सगळं वहीत. प्लग पॉइंट कुठे आहेत ते बघा. आणि लाईट कोणत्या दिवशी जाते ते विचारा. आमच्या त्या भागात आठवड्यातून एक दिवस मेंटेनन्ससाठी लाईट बंद असायची आणि त्या दिवशी गिरणीही बंद, आम्ही नेमका तोच दिवस धरला होता, काकांनी आधी सांगितलं म्हणून वाचलो.

काकांशी बोलायला पहिल्यांदा सगळे सहा जण जाऊ नका, दोघं जा, आणि गिऱ्हाइकांच्या वेळेत जाऊ नका. किती तास लागतील ते खरं सांगा. "अहो काका, अर्ध्या तासाचं काम आहे" असं सांगून दिवसभर बसलात तर तुमच्या नंतर येणाऱ्या पोरांना ती जागा कायमची बंद होते. आम्ही तीन तास सांगितले होते आणि साडेपाच लागले, ते मला अजून लागतं. जागेच्या मालकाची आणि फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाची साध्या कागदावर लेखी परवानगी घ्या, सही आणि तारखेसकट.

कॅमेरा

फोन चालतो. खरंच चालतो, महागडा कॅमेरा भाड्याने आणायच्या मागे लागू नका. फक्त सेटिंग बघा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे बऱ्याच ट्यूबलाइट आणि एलईडीखाली सेकंदाला 30 फ्रेमवर शूट केलं की चित्रात पट्टे सरकताना दिसतात किंवा उजेड लुकलुकतो. म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यावर, 1/50. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात हे मिळत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, ते तुमच्या फोनवर चालतंय का बघा. फोकस, एक्सपोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा, नाहीतर माणूस जरा हलला की चित्र आपोआप उजळतं नाहीतर पिवळं पडतं आणि एडिटमध्ये जुळता जुळत नाही. फोन आडवा, फ्लाइट मोडवर, लेन्स पुसलेली. 1080 रिझोल्यूशन पुरेसं आहे, मिनिटाला साधारण 100 ते 150 एमबी धरून चाला, फोरके केलंत तर त्याच्या कितीतरी पट जागा जाईल.

दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक काल्पनिक रेघ ओढा आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. पलीकडे गेलात तर एडिटमध्ये दोघंही एकाच दिशेला बघून बोलतायत असं दिसतं. आमच्या पहिल्या फिल्ममध्ये आजी आणि काका काही सेकंद दोघंही दरवाज्याकडे बघून एकमेकांशी बोलतायत.

आवाज, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चित्र थोडं हललं, अंधारं आलं तरी लोक बघतात. आवाज कळत नसेल तर दुसऱ्या मिनिटाला बघणारा उठतो.

कॅमेऱ्याच्या फोनवर आवाजासाठी अवलंबून राहू नका. दुसरा फोन घ्या, त्याला कॉलरला लावायचा साधा वायरचा माईक जोडा, आणि तो फोन बोलणाऱ्याच्या खिशात किंवा कमरेला खोचून ठेवा. रेकॉर्डिंग ॲपमध्ये 48 किलोहर्ट्झ निवडा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर शॉट नंबर बोलून जोरात एक टाळी वाजवा, ती टाळी बघून एडिटमध्ये चित्र आणि आवाज जुळवता येतो. पंखा बंद. फ्रीज बंद करावा लागला तर ज्याच्या गाडीवर घरी जायचंय त्याची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना फ्रीज परत चालू करायचा राहणार नाही. आणि प्रत्येक जागेवर सगळ्यांनी गप्प उभं राहून एक मिनिट नुसता त्या जागेचा आवाज घ्या, दोन वाक्यांमधल्या फटी भरायला तो लागतोच.

आता गिरणीचं. चालू गिरणीत संवाद रेकॉर्ड होणं शक्यच नव्हतं, पट्ट्याचा आणि जात्याचा आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही. मग आम्ही बरोबर तेच केलं जे करतात, लांबचे शॉट गिरणी चालू असताना घेतले, संवाद गिरणी बंद करून घेतले, आणि गिरणीचा आवाज वेगळा तीन मिनिटं रेकॉर्ड केला, नंतर खाली टाकायला. पण शॉट 14 मध्ये आजी आणि काका गिरणी बंद असल्यामुळे घरात बोलतात तसं हळू बोलले. एडिटमध्ये खाली गिरणीचा आवाज टाकला आणि ते इतकं खोटं वाटायला लागलं, कारण चालू गिरणीत कोणी असं बोलूच शकत नाही, तिथे ओरडावंच लागतं. म्हणजे मशीन बंद करून शूट करताना मशीन चालू आहे असं समजून बोलायचं, हे बोलणाऱ्याला आधी सांगायला पाहिजे. बस असो, पाऊस असो, लग्नाचा मांडव असो, सगळीकडे हेच. आम्हाला तो शॉट परत घ्यावा लागला, काकांची अजून एक सकाळ गेली.

शूटचा दिवस

आदल्या रात्री ग्रुपवर एकच मेसेज टाका: कुठे, किती वाजता, कोणी काय आणायचं, कुठले शॉट कुठल्या क्रमाने. अर्ध्या दिवसात दहा-बारा शॉटपेक्षा जास्त धरू नका. एका जागेचे सगळे शॉट एकदम, गोष्टीचा क्रम विसरा. पोहे, वडापाव, पाणी वेळेवर, उपाशी ग्रुप अकरा वाजता भांडतो. खर्च रोजच्या रोज वहीत, आमचा दुसऱ्या फिल्मचा सगळा मिळून 4,200 रुपये झाला, त्यात माईक, पेट्रोल आणि खाणंच जास्त, आणि सहा जणांत वाटताना एकदाही वाद झाला नाही कारण चहासुद्धा लिहिलेला होता.

मतभेद होणारच. आमचा नियम असा की दोन मिनिटं बोलायचं, मग दिग्दर्शक ठरवेल ते फायनल, आणि ज्याचं ऐकलं नाही त्याचं म्हणणं वहीत लिहायचं. लिहिलं गेलं की माणूस शांत होतो, हे मी परत परत बघितलंय. आणि अजून एक नियम, साउंडवाल्याने "परत" म्हटलं की परत, तिथे चर्चा नाही.

शूट संपल्यावर त्याच रात्री

दोन कॉप्या, दोन वेगळ्या ठिकाणी, एक लॅपटॉपवर आणि एक हार्डडिस्कवर, आणि दोन्ही उघडून बघितल्याशिवाय फोनमधून एकही क्लिप उडवायची नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, क्वालिटी जाते, अगदीच गरज असली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एडिट

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचं फुकट व्हर्जन कॉलेजच्या फिल्मला भरपूर आहे, फक्त लॅपटॉप जरा दमदार लागतो, नसेल तर केडेनलाइव्ह बघा. फोनवर शूट केलेल्या क्लिपचा फ्रेम रेट पुष्कळदा खालीवर होत असतो, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू मागेपुढे सरकतो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून क्लिप एकसारख्या फ्रेम रेटला बदलून घ्या आणि मग एडिट सुरू करा. मराठी टायटल आणि सबटायटल एक्सपोर्ट करून मोठ्या स्क्रीनवर बघा, काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या दुसऱ्याच अक्षरावर जातात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फुकट फॉन्ट चांगले आहेत.

सिनेमातलं गाणं वापरू नका. आमच्यातल्या एकीच्या आजीने जात्यावरची ओवी म्हणून दिली, तिच्या माहेरची, तिला आईकडून आलेली, ती आम्ही वापरली. जात्यावरच्या ओव्यांत कोणाला रस असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर त्यातल्या ऐकता येतात, वेळ काढून ऐकाच. ऐकायला मोकळ्या आहेत म्हणून रेकॉर्डिंग उचलून फिल्मला लावायचं असं मात्र नाही, विचारूनच.

कच्चा कट झाला की ज्याने स्क्रिप्ट वाचलेलं नाही अशा माणसाला दाखवा आणि "कसं वाटलं" विचारू नका, सगळे छान म्हणतात. "काय झालं ते सांग" म्हणा. तीन जणांना आजी रोज का येते ते कळलं नाही तर शॉट कमी पडलाय, बघणारा नाही.

आता मागे वळून बघायचं काम

हे मार्क लागायच्या आधी करा. मार्क लागले की जे घडलं त्याला मार्कांप्रमाणे रंग चढतो. फिल्म पूर्ण झाल्यावर आठवड्याच्या आत सगळे एकत्र बसा, वही मध्ये ठेवा, आणि पहिली पंधरा मिनिटं कोणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं: कुठे अडकलो, तेव्हा मी काय केलं, काय बोलायचं राहिलं. मग एकेकाने वाचायचं. आधी बोलायला लागलात तर जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याचीच आठवण सगळ्यांची आठवण होते.

मग तयार फिल्म नाही, कच्चं फुटेज बघा. ॲक्शनच्या आधीचे आणि कटच्या नंतरचे सेकंद बघा, त्यात ग्रुप दिसतो. आणि प्रश्न शॉटला विचारा, माणसाला नाही. "तुझ्यामुळे आवाज गेला" म्हटलं की तिथेच बंद पडतं, "शॉट 14 चा आवाज असा का आला" म्हटलं की माणसं बोलतात.

आम्ही पहिल्या फिल्मसाठी अशी बैठक केलीच नव्हती, पुढच्या वर्षी नवीन फिल्म सुरू करायच्या आधी मागच्यासाठी केली, वर्षभराने. तेव्हा शॉट 14 चं खरं कारण बाहेर आलं. आमच्या साउंडवाल्याला हेडफोनमध्ये तेव्हाच कळलं होतं की हे फार हळू बोलतायत. पण त्याच्या आधी सकाळी त्याने एक टेक थांबवला होता आणि आम्ही सगळे त्याच्यावर चिडलो होतो, म्हणून तो गप्प बसला. त्या चिडण्यात मी पण होते. "साउंडवाला परत म्हणाला की परत" हा नियम तिथून आला.

आणि दुसरी गोष्ट एसटीची. आमच्यातली एक मेढ्याकडच्या गावातून यायची. शूटच्या दिवसांत ती सहा वाजले की अस्वस्थ व्हायची, लक्ष नसायचं, साडेसहाच्या आत निघून जायची, आणि आम्ही धरून चाललो की तिला इंटरेस्ट नाही. तिला कमी कामं द्यायला लागलो, ती अजून गप्प झाली. बैठकीत तिने कागदावरचं वाचून दाखवलं की तिची शेवटची गाडी साडेसहाची होती आणि आम्ही रोज आठपर्यंतचं शेड्यूल टाकायचो, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हे सांगायला तिला अवघड वाटलं. कोणी विचारलंच नव्हतं. खोलीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या फिल्मचं सगळं शूट आम्ही सकाळी सात ते दुपारी दोन केलं, प्रॉडक्शन तिच्याकडे होतं, आणि एकही दिवस शूट लांबलं नाही.

रिपोर्ट कसा लिहायचा

एक प्रसंग घ्या, त्यात मी काय ठरवलं ते लिहा, त्याने काय झालं ते लिहा, आणि पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं करणार ते. "संवाद महत्त्वाचा आहे हे समजले" असं लिहिण्यापेक्षा "शॉट 14 मध्ये मी साउंडवाल्याला न विचारता टेक ओके केला, त्यामुळे अर्धा दिवस परत शूट करावं लागलं, पुढच्या फिल्मला दिग्दर्शकाच्या ओके आधी साउंडचा ओके असा क्रम ठेवला" असं लिहा. तारीख, शॉट नंबर, वेळ वहीतून उचला. दुसऱ्याची चूक लिहायची वेळ आली तर तेव्हा मी कुठे उभी होते तेही लिहा. तीन-चार असे प्रसंग झाले की रिपोर्ट होतो, पानं भरायला काही वाढवावं लागत नाही.

शेवटचं, फिल्म परत त्या जागेवर घेऊन जा

ज्यांनी जागा दिली, वेळ दिला, त्यांना फिल्म दाखवायची राहू देऊ नका. आम्ही गिरणीतच लॅपटॉप दळणाच्या डब्यांवर ठेवून दाखवली, आजींना पण बोलावलं होतं. क्रेडिटमध्ये काकांचं नाव आलं तेव्हा त्यांनी परत मागे घ्यायला लावलं. पेन ड्राइव्हवर एक कॉपी देऊन आलो.

कच्चे आवाज उडवू नका, त्यांचं वेगळं फोल्डर करून फिल्मसोबतच ठेवा. आम्ही पुढच्या वर्षी काकांना भेटायला गेलो तोपर्यंत त्यांनी गिरणीची मोटर आणि पट्टा दोन्ही बदलले होते, नवीन गिरणीचा आवाज बराच बारीक आहे. काकांनी विचारलं की तुमच्याकडे तो जुना आवाज आहे का. तीन मिनिटांची ती फाइल होती, त्यांच्या फोनवर दिली.